आठजणींची पाहुणी

रेडिओ केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याखालून डावीकडे वळलं की ध्वनिसंग्रहाची खोली लागायची, आणि त्या खोलीत चाळणीताई बसायच्या. त्यांचं खरं नाव कुठल्यातरी सरकारी कागदावर असणारच, पण केंद्रात, गल्लीत आणि माहेरीसुद्धा त्या चाळणीताईच. निवडायला, पाखडायला, वेगळं करायला काही मिळालं की बाईंच्या चेहऱ्यावर तेज चढायचं. कुणाचा किल्ल्यांचा जुडगा हाती आला तर मोठीपासून धाकटीपर्यंत ओवून परत द्यायच्या. त्यांचा नवरा म्हणायचा, "हिच्याशी धड भांडायचीही सोय नाही. आधी मुद्दे विषयवार लावून घेते, मग भांडते."

तर अशा बाईंच्या पुढ्यात एक दिवस केंद्राची सगळी जुनी गाणी येऊन पडली. फितींवरची गाणी संगणकात भरायचं काम बाहेरच्या माणसांना दिलं होतं. त्यांनी फितीच्या डब्यावर जे लिहिलं होतं ते जसंच्या तसं टंकलं आणि हात झटकले. आता डब्यांवर चाळीस वर्षांत ज्याच्या हाती पेन आलं त्यानं आपल्या मनासारखं लिहिलेलं. कुठे नाव आधी, कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे घाईत खाल्लेली वेलांटी. एकच बासरीवाला संगणकात चार भावांसारखा चार ठिकाणी राहत होता आणि चौघांची एकमेकांशी ओळख नव्हती.

बायकांची तर तऱ्हाच वेगळी. पुरुषाच्या नावामागे फार तर एखादं 'श्री'. बाई मात्र तरुणपणी गायली तेव्हा 'कु.', लग्नानंतर 'सौ.', नवरा गेल्यावर 'श्रीमती', आणि मधल्यामध्ये आडनावही पालटलेलं. संगणकाला काय, पहिलं अक्षर दिसलं की त्या खोलीत ढकलायचं. केंद्राच्या झाडून सगळ्या गायिका क, स आणि श अशा तीन खोल्यांत दाटीवाटीनं कोंडल्या गेल्या होत्या, आणि एकच बाई तिन्ही खोल्यांत स्वतःलाच ओळख न देता बसली होती.

संगणक सांभाळणारा माणूस तिशीतला, कामाला वाघ, पण 'पटकन करून टाकू' हे त्याचं पालुपद. म्हणून तो पटकनराव. त्यानं प्रत्येक कलाकारापुढे दोन रकाने करून दिले. एकात नाव जसं दाखवायचं तसं, दुसऱ्यात ज्या अक्षराखाली लावायचं तसं. "आता तुम्ही फक्त ठरवायचं, ताई. कोण कोण आहे."

ते 'फक्त' फार मोठं होतं. नाव बदललं तरी आवाज तोच असतो, एवढा एकच धागा चाळणीताईंच्या हाती होता. त्या ऐकत बसल्या. एक गाणं 'कुमारी'चं, एक 'श्रीमती'चं, एक पुन्हा 'कुमारी'चं. बहुतेकदा जुळायचं. अडलं की घरी न्यायच्या.

घरी नवऱ्याचं काम होतं कवळ्या बनवण्याचं. दाताचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि हा पुढच्या खोलीत, मेणाच्या आणि प्लास्टरच्या वासात बसून लोकांना दात द्यायचा. एका संध्याकाळी त्याची घासायची मोटर चालू असताना ताईंनी दोन गाणी लावली. आवाज एक वाटत होता आणि नव्हताही. त्यानं मोटर बंद केली.

"पुन्हा लाव."

त्यांनी लावलं.

"बाई एकच," तो म्हणाला. "पण दुसऱ्या वेळेला वरची कवळी बसवलीय. 'स' ऐक तिचा. वारा दातांतून सरळ जात नाही, कडेनं पळतो. आणि अगं, कवळी सैल आहे! कुणी केली कोण जाणे. बाई इतकी चांगली गाते, तिच्या तोंडात असलं काम घालायचं?"

त्या रात्रीचं जेवण होईपर्यंत तो त्या अनोळखी कारागिरावर चिडून होता. पण 'कुमारी' आणि 'श्रीमती' एक झाल्या, आणि चाळणीताईंना वाटलं, चला, आता या कामात आपल्याला अडवणारं काही उरलं नाही.

मग आला 'इतर'.

या संग्रहातला सर्वांत मोठा कलाकार कोण, असं विचारलं तर संगणक एकच नाव सांगायचा: इतर. डब्यांवर 'अमुक व इतर' असं लिहिलेलं, संगणकानं त्या 'व'वर सुरी फिरवली आणि उरलेल्या तुकड्याला कलाकार करून टाकलं. इतरांनी अंगाई म्हटली होती, कवायतीची गाणी म्हटली होती, साबणाच्या जाहिरातीत टाळ्याही वाजवल्या होत्या. इतका अष्टपैलू माणूस जगात झाला नाही.

"हे काही नाव नाही," पटकनराव म्हणाला. "पटकन उडवून टाकू."

"थांबा जरा. नाव नाही म्हणून माणसं नव्हती का? कुणीतरी गायलंय ना ते. आधी ऐकते, मग बघू."

इतरांमध्ये बरीचशी गाणी बायकांच्या एका वृंदाची होती. वाद्यं नाहीत, असली तर नावाला. खाली एक भुईसारखा पसरलेला सूर, त्यावर बाकीचे रचलेले. चाळणीताई कानाला हेडफोन लावून ऐकत होत्या आणि हाताने टेबलावरच्या टाचण्या गोळा करत होत्या. गाण्याची शेवटची ओळ आली. बायकांनी 'आ' लांबवला. आणि त्या सगळ्यांच्या वर, बारीक, ओल्या बोटानं पेल्याची कड घासावी तसा एक आवाज उगवला.

ताईंनी मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

त्यांनी पुन्हा लावलं. बाकीच्या आधी आल्या, मग ती आली. बाकीच्या अजून गातच होत्या तोवर ती निघूनही गेली. शब्द नाहीत. श्वास घेतल्याचा आवाज नाही. हातातल्या टाचण्या हातातच राहिल्या आणि दंडावर काटा उभा राहिला. कुणीतरी हळूच आढ्याची फळी बाजूला सारावी आणि वर आभाळ आहे हे आत्ता कळावं, तसं त्यांना झालं.

त्यांनी दुसरं गाणं काढलं. नव्हती. तिसऱ्यात नव्हती. चौथ्यात होती. चाळणीताईंनी आपल्या पद्धतीनं निष्कर्ष काढला: वृंदात एक बाई होती, कधी यायची, कधी यायची नाही. तिचं नाव शोधायचं. पण जसजशी त्या वर्षं ओलांडत पुढे गेल्या, तसतसं काहीतरी जुळेना. खालचे आवाज वयानं जाड होत गेले, कुणाच्या आवाजात खरखर आली, कुणाचा श्वास आखूड झाला. वरची मात्र पहिल्या फितीत होती तशीच शेवटच्या फितीत. तिला वयच नव्हतं.

त्यांनी घरी नवऱ्याला ऐकवलं. तो नेहमीसारखा डोळे बारीक करून दात शोधत बसला. मग म्हणाला, "हिला दातच नाहीत."

"म्हणजे म्हातारी?"

"म्हातारी नाही गं. 'स' नाही, 'त' नाही, ओठ मिटल्याचा आवाज नाही. तोंडच नसल्यासारखी गाते." आणि तो हातातला मेणाचा गोळा नुसता मळत राहिला.

केंद्रातून निवृत्त झालेले एक ध्वनिमुद्रक होते. पंख्याच्या घरघरीवरून पंखा कधी बिघडणार हे सांगायचे, म्हणून सगळे त्यांना कानकाका म्हणायचे. चाळणीताई त्यांच्याकडे गेल्या. बायकांच्या वृंदातला एक आवाज, एवढं म्हणताच काकांनी गाणं सुरू व्हायच्या आतच हात वर केला.

"म्हणजे तुम्हालाही ऐकू आली!"

"काका, ती कोण?"

"मला माहीत असतं तर मी इतकी वर्षं तळमळलो असतो का? पहिल्यांदा वाटलं, माइक बिघडला. माइक बदलला. वायर बदलली. मग वाटलं, शेजारच्या स्टुडिओतला आवाज फितीत उतरतोय. तिथे माणूस बसवला राखणीला. अहो, त्या आठ जणी होत्या. एका माइकसमोर अर्धगोल करून उभ्या राहायच्या. काचेतून मला तोंडं दिसायची आठ, आणि कानात आवाज नऊ."

"त्यांना विचारलं नाहीत?"

"विचारलं की. हसल्या. आठ बायका एकदम हसल्या की पुरुषानं काय करायचं? यंत्राकडे बघायचं." मग ते म्हणाले, "त्यांच्यातली एक इथेच राहते, सायकलवाल्याच्या वरच्या मजल्यावर. सगळ्यांत खालचा सूर तिचा. 'जमीन' म्हणायच्या तिला."

सायकलच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून चाळणीताई वर गेल्या. दार सुनेनं उघडलं. खिडकीशी एक रुंद हाडाची म्हातारी मोजे विणत बसली होती. रेडिओ केंद्रातून आलेय, तुमच्या गाण्याबद्दल विचारायचंय, असं ताईंनी सांगितल्यावर सून हसलीच. "पत्ता चुकलात. आमच्या आई कुठल्या गाताहेत! मी या घरात आल्यापासून गुणगुणतानासुद्धा ऐकलं नाही."

"एकटीनं काय गुणगुणायचं?" म्हातारी सुया न थांबवता म्हणाली. "जमीन काय एकटी गुणगुणते? वर कुणीतरी उभं हवं ना."

सून दाराची कडी हातात धरून तशीच उभी राहिली.

ताईंनी हेडफोन म्हातारीच्या कानांवर बसवले आणि गाणं लावलं. विणकाम मांडीवर उतरलं. थोड्या वेळानं उजवा हात आपोआप पुढे आला, पंजा पालथा, जणू कुणाच्या डोक्यावरून फिरतोय. "ही घोगरी," ती म्हणाली. "माझ्या डाव्या हाताला. ही सुई, उंच लावणारी. ही मधली, सर्दी झालीय बघा तिला. ही थोरली. थोरली गेली." एकेकीचं नाव घेत ती आठही जणींवरून गेली, जसं अंगणात बसल्या बसल्या घरात कोण कुठे आहे हे सांगावं. मग शेवटची ओळ आली, 'आ' लांबला, आणि तिनं डोळे मिटले.

"आली," ती म्हणाली.

"कोण?" चाळणीताईंनी विचारलं. "तीच तर मी शोधतेय. तिचं नाव काय?"

"पाहुणी."

"हे टोपणनाव झालं. खरं नाव? कुठे राहते?"

म्हातारीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि ताईंकडे अशा मायेनं पाहिलं, की जणू शाळेतल्या पोरीनं फार मोठा प्रश्न विचारलाय.

"ती आमच्यातली कुणी नव्हती, बाई. आम्ही आठ जणी नीट लागलो ना, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही, कुणाला आपलाच गळा ऐकवायची हौस नाही, की यायची. आमच्या डोक्यावर उभी राहिल्यासारखी. पहिल्यांदा आली तेव्हा सुई घाबरून रडली. मग सवय झाली. सवय म्हणजे काय, कधीच झाली नाही. दोघींचं आदल्या दिवशी वाजलं असलं तर यायची नाही. मुद्दाम बोलावली तर मुळीच नाही."

"पण मग गातं कोण ते?"

"कुणीच नाही. आणि आम्ही सगळ्याच."

चाळणीताई जिना उतरून खाली आल्या आणि सायकलच्या दुकानासमोर, चाकांच्या ढिगाशेजारी नुसत्याच उभ्या राहिल्या. जन्मभर त्यांनी एवढंच धरून ठेवलं होतं, की प्रत्येक बटणाला कुठलातरी सदरा असतो. आज हातात आवाज होता, आणि त्याच्याखाली गळा नव्हता. भीती वाटायला हवी होती. वाटत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं आपण माणसं एकेक सुटी मोजत आलो, आणि माणसं जवळजवळ उभी राहिली की मध्येच असं काहीतरी उगवतं, जे मोजणीत बसतच नाही. दुकानदारानं दोनदा विचारलं, "ताई, पंक्चर का?"

कानकाकांना त्यांनी सगळं सांगितलं. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! सुरांच्या पोटात बारीक सूर असतात. आठांचे बरोब्बर एकमेकांवर बसले की कानाला नववा ऐकू येतो. हे मी शिकलो होतो हो! पण शिकलेलं समोर येऊन उभं राहिलं तेव्हा ओळखता आलं नाही." ते बराच वेळ हसत होते, आणि हसता हसता चष्मा पुसत होते. कारण कळलं म्हणून चाळणीताईंचं नवल तसूभरही उतरलं नाही. इंद्रधनुष्य कसं पडतं हे कळल्यावर कुणी मान खाली घालून चालायला लागत नाही.

मग खरं काम सुरू झालं. ताई फोनवर गाणं ऐकवायच्या, पलीकडून जमीन सांगायची त्या गाण्यात कोण हजर होती, कोण नव्हती. एकेका गाण्यावरून 'इतर' निघत गेला आणि त्या जागी आठ बायका आल्या, आपापल्या अक्षराखाली, कु.-सौ.-श्रीमतीची झूल उतरवून. शेवटी प्रश्न उरला पाहुणीचा. नवा कलाकार भरायचा म्हटलं की संगणक विचारायचा: व्यक्ती की समूह?

पटकनरावानं हेडफोन लावले. गाणं संपलं तरी काढले नाहीत. पुन्हा लावलं. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "ताई, हे पटकन होण्यातलं नाही."

तीन दिवस त्यानं त्या रकान्याशी झटापट केली. शेवटी व्यक्ती आणि समूह यांच्याखाली आणखी एक जागा तयार केली आणि तिथे नुसतं लिहिलं: पाहुणी. जमीनला हे फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "एकदा बघायचंय आम्हाला. उरलोय त्यांना."

उरल्या होत्या चौघी. जमीन, घोगरी, सुई आणि मधली. एका दुपारी त्या केंद्रावर आल्या, सून जमीनला हाताला धरून होती, आणि कानकाका घरच्या कार्यासारखे इस्त्रीचा सदरा घालून आधीच हजर. चौघींनी पडद्यावर आपापली नावं वाचली. घोगरीनं चष्मा वरखाली करत विचारलं, "मी 'घ'मध्ये नाही?"

"घोगरी हे काय तुझ्या बापानं ठेवलेलं नाव आहे का?" सुई म्हणाली.

"चाळीस वर्षं हाक त्याच नावानं मारलीत ना!"

मग काही न ठरवता त्या स्टुडिओच्या दिशेनं गेल्या. जुना स्टुडिओ रिकामाच होता. भिंतींना भोकाभोकांचे तक्ते, पायाखाली झिजलेला गालिचा. चौघी माइकसमोर उभ्या राहिल्या, पण एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्याच नाहीत. अर्धगोल तेवढाच मोठा होता. मध्ये गेलेल्या चौघींच्या जागा, एकेक माणूस मावेल एवढ्या, सोडलेल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप तिथे गेले होते.

जमीननं सूर लावायला तोंड उघडलं, मिटलं, आणि मान वळवली. "ए बाई, इकडे ये. माझ्या शेजारी एवढी पोकळी असली की मला सूर लागत नाही."

"मी?" चाळणीताई मागे सरल्या. "नको हो. मला गाता येत नाही. शाळेत समूहगीतात मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं."

"मग आवाज सगळा शिल्लकच असेल की! ये. आणि सूनबाई, तूही ये पलीकडे."

"आई, मी?"

"का, घरात माझ्याशी बोलताना बरा वर लागतो तुझा!"

सगळ्या हसल्या. दोघी त्या पोकळ्यांत जाऊन उभ्या राहिल्या. दोन जागा तशाच राहिल्या. जमीन ताईंना म्हणाली, "माझा सूर धर. मोठ्यानं नको. स्वतःला ऐकू नकोस, शेजारणीला ऐक. एवढंच आहे यात."

पहिल्या खेपेला सुईला ठसका लागला. दुसऱ्या खेपेला सूर लागले पण एकमेकांवर बसले नाहीत, जेवणाच्या डब्याचं झाकण एका बाजूनं वर राहावं तसे. तिसऱ्या खेपेला जमीननं खालचा सूर अंथरला. चाळणीताईंनी त्यावर पाय ठेवला, तो हलला नाही. घोगरी आली, मधली आली, सून चाचरत आली, सुई सगळ्यांत शेवटी. ताईंना आधी आपला आवाज ऐकू येत होता, फाटका, लाजरा. त्यांनी तो सोडून दिला आणि म्हातारीला ऐकलं. मग घोगरीला. मग कोण कुठलं हे कळेनासं झालं. आपला गळा चालू आहे हे फक्त छातीला कळत होतं.

आणि ती आली.

फितीत ऐकली होती त्याहून कितीतरी जवळ. वर, दोन हातांवर, कुणीही उभं नव्हतं तिथे. ताईंनी मान वर केली नाही; केली तर पाहुणी हलेल असं वाटलं. सुनेचे डोळे विस्फारले होते आणि त्यांतून पाणी ओघळत होतं, पण सूर तिनं सोडला नाही. सहा बायका एक 'आ' धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्यावर, त्यांचीच आणि त्यांच्यापैकी कुणाचीच नसलेली ती, एका लांब श्वासाएवढा वेळ थांबली. मग गेली. त्यांचा 'आ' नंतर हळूहळू विझला.

काचेपलीकडे कानकाका उभे राहिले होते. पटकनराव बटणावर बोट ठेवून तसाच होता. गाणं कधीच संपलं होतं.

पहिली बोलली सुई. "बाई गं," ती पुटपुटली, "अजून तशीच आहे."

"दोघी कमी असून आली," मधली म्हणाली. "आपल्याला वाटायचं, आठच लागतात."

जमीननं ताईंचा हात हातात घेतला, उलटा केला, तळव्याकडे पाहिलं आणि परत दिला.

आता त्या सहा जणी दर आठवड्याला जमीनच्या घरी जमतात. खाली सायकलवाला त्या वेळी हातोडी वापरत नाही. संग्रहाच्या खोलीत नावं लावायचं काम अजून बरंच बाकी आहे, आणि चाळणीताई ते जरा सावकाश करतात, कारण कुठल्याही गाण्याच्या शेवटी त्या थोड्या जास्त थांबतात. गाऊन घरी आल्या की नवरा मेणाच्या वासातून डोकं वर काढून विचारतो, "आली होती का?" कधी आलेली असते, बहुतेकदा नसते. आलेली असली तर ताई सांगू लागतात, दोन शब्द जुळवतात, पुढचा सापडत नाही, आणि त्या तशाच स्टुलावर बसून राहतात. तोही मग मोटर चालू करत नाही.